विजेच्या गावात पायी

भर उन्हाळ्यात हौसेने पायी हिंडायला निघणाऱ्याला विदर्भात लोक वेड्यातच काढतील. तरी वीज केंद्राचं गाव असलेलं खापरखेडा पाहायचं ते मे महिन्यातच. राज्यभरचे पंखे, कूलर आणि एसी एकदम सुरू होतात तेव्हा या गावाला दम खायला फुरसत नसते. पथ्य एवढंच की उजाडता निघायचं, नऊच्या आत सावली गाठायची, दुपार घरात काढायची आणि उन्हं कलल्यावर पुन्हा बाहेर पडायचं. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा हवाच.

नागपूरहून सावनेरकडे येताना कोराडी मागे पडली की खापरखेड्याच्या चिमण्या दिसू लागतात. इथलं पहिलं वीज केंद्र १९५०च्या दशकातलं. ते केव्हाच मोडीत निघालं. आजच्या केंद्रातले २१० मेगावॉटचे पहिले दोन संच १९८९-९० मधले, पुढचे दोन २०००-०१ च्या सुमाराचे आणि ५०० मेगावॉटचा पाचवा २०११ चा. एकूण क्षमता १३४० मेगावॉट. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, तर पूर्ण भाराच्या दिवशी वीस हजार टनांहून जास्त कोळसा जळतो. आधी तो मैद्यासारखा दळतात आणि मग भट्टीत फुंकतात. शीतकरण मनोऱ्यांतून जे निघतं त्याला पाहुणे धूर समजतात, पण ती असते वाफ. मेच्या कोरड्या हवेत ती निघताक्षणी विरते.

इथून पाय सिलेवाड्याकडे वळवावेत. तिथे वेस्टर्न कोलफील्ड्सची, म्हणजे वेकोलिची, भूमिगत खाण आहे आणि पाळी सुटायच्या वेळी रस्त्यावर मराठी आणि छिंदवाड्याकडची हिंदी एकाच वाक्यात ऐकू येते. पण सिलेवाड्याचं नाव कोळशाच्याही आधी भूगर्भशास्त्रात गेलं ते इथल्या वालुकाश्मामुळे. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये लंडनला छापून आला. त्यात सिलेवाडा आणि कामठीच्या दगडांत सापडलेल्या वनस्पतींच्या ठशांची नोंद आहे. हा हिस्लॉप म्हणजे ज्याच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे, तोच. या खडकांत भेटणारं मुख्य पान ग्लोसोप्टेरिसचं. लांबट, मध्ये ठळक शीर आणि तिच्या दोन्ही अंगांनी बारीक शिरांची जाळी. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या अशाच झाडांच्या दलदलीतल्या जंगलांचा कोळसा झाला. घरातला दिवा लावताना आपण तेव्हाचं ऊनच वापरत असतो.

सिलेवाड्याहून कन्हानचं पात्र लांब नाही. वैशाखात नदी पात्राच्या एका कडेला सरकते आणि उघड्या पडलेल्या वाळूत डांगरवाड्या दिसतात. वाळूत खड्डा करून खालच्या ओलीवर वेल धरायचा, पाणी तांब्या-बादलीने घालायचं आणि पुराच्या आत टरबूज विकून मोकळं व्हायचं. हे कसब धिवरांचं. पुढे बिना संगमावर कोलार कन्हानला मिळते आणि पेंचही याच परिसरात येऊन मिळते. खापरखेड्याच्या केंद्राला पाणी लागतं तेही पेंच प्रकल्पाचंच.

नऊच्या आत सावलीत पोचू अशा बेताने माघारी फिरावं. मेअखेरच्या नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पन्हं प्यावं आणि कूलरसमोर निवांत पडावं. त्या कूलरमागे सकाळी पाहिलेला सगळा पसारा राबत असतो.

संध्याकाळ राखेसाठी ठेवावी. आपल्याकडच्या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. त्यातली चारपंचमांश इतकी बारीक की धुराबरोबर उडते. ती विद्युत-भारित पट्ट्यांवर अडवून उतरवतात. कोरडी राख बल्करमधून सिमेंट कारखान्यांना आणि भट्टीविना विटा बनवणाऱ्या कारखान्यांना जाते, तर उरलेली पाण्यात कालवून नळांतून वारेगावच्या राख बंधाऱ्यात सोडतात. तिथे पाणी आटलं आणि वारा सुटला की काय होतं, ते आसपासच्या गावांतल्या अंगणांना, वाळत घातलेल्या कपड्यांना आणि कपाशीला विचारावं. मुंबई-पुण्याच्या वीजबिलात या राखेचा रकाना नसतो.

परतताना रेल्वेचे रूळ लागतात. नागपूर-छिंदवाडा मार्गावर अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी २०१५ पर्यंत धावत होती. आता तिथे ब्रॉडगेज आहे. जुनी इंजिनं पाहायची तर नागपूरला मोतीबागच्या संग्रहालयात जावं लागतं.

वीज केंद्रात आणि खाणीत परवान्याशिवाय जाता येत नाही. वेकोलिने पर्यटन महामंडळाबरोबर डिसेंबर २०१६ मध्ये सावनेरला खाण पर्यटन सुरू केलं होतं, त्याची चौकशी करून जावं. बाकीच्या फिरस्तीला मात्र कुणाचाच परवाना लागत नाही. सोबत निवृत्त खाणकामगार किंवा वीज केंद्रातला जुना फोरमन मिळाला तर त्याला जरूर घ्या. या गावाचं अर्धंअधिक ज्ञान अजून लिहून झालेलं नाही, ते त्यांच्याच डोक्यात आहे. येत्या मेमध्ये ते ऐकून, लिहून ठेवा.