गुळाच्या काहिलींतील उष्णतामापक

घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड या दोन्ही तालुक्यांत उसाचा हंगाम सुरू झाला, कीं गुऱ्हाळांच्या चुलवणांतून धूर निघूं लागतो. पाक सुमारें ११८ अंश सेंटिग्रेडवर आला म्हणजे काहील उतरावयाची. उशीर झाला तर गूळ करपून काळवंडतो, घाई झाली तर ढेप बसत नाहीं. थंड पाण्यांत पाकाचा थेंब टाकून त्याची गोळी होते कीं नाहीं, हें गुळव्या बोटांनींच पाहतो. त्याच्या जोडीला आतां विजेचा उष्णतामापक ठेवतां येतो. परंतु हा सोबतीच फसवूं लागला, तर अख्खी काहील वायां जाते.

दोन निरनिराळ्या धातूंच्या तारांचें जोडलेलें टोक तापविलें असतां उरलेल्या टोकांमध्यें अल्पसा विद्युद्दाब मिळतो. हा परिणाम १८२१ सालीं सीबेक या जर्मन शास्त्रज्ञानें शोधिला. क्रोमेल-अॅल्युमेलच्या जोडींत अंशामागें सुमारें ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. म्हणजे ९० अंशांच्या फरकाला पुरते चार मिलिव्होल्टहि भरत नाहींत! म्हणून इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर, म्हणजे मापनाचा वर्धक, हा दाब शंभरपट वाढवितो. त्याची खुबी अशी, कीं तो दोन तारांमधील फरक तेवढाच वाढवितो. विहिरीवरील मोटारीची गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरली, तर ती तो बहुतांशीं सोडून देतो.

मग आंकडा एका टोकाला जाऊन कां चिकटतो? पुष्कळ कारागीर प्रथम वर्धकच बदलतात. ही घाई व्यर्थ होय. वर्धकाचीं दोन्ही प्रवेशटोकें एकमेकांस जोडून मंडलाच्या सामायिक तारेला लावावीं. एकाच बॅटरीवरील मंडलांत तीं मध्यपातळीला लावावीं. बाहेर पडणारा दाब ठरलेल्या पातळीवर स्थिरावला, तर वर्धक निर्दोष समजावा. दोष बहुधा वाटेचा असतो. प्रत्येक प्रवेशटोकांतून अत्यल्प प्रवाह वाहतच असतो, आणि त्याला परतीची वाट लागते. तारांची जोडी कोठेंच टेकलेली नसेल, तर सांडवा नसलेला हौद बारीकशा धारेनेंहि कांठोकांठ भरावा, तसा दोन्ही तारांचा दाब चढत वा घसरत जातो आणि वर्धक निकामी ठरतो. याची खूण मौजेची आहे. ओल्या बोटांनीं एक तार व सामायिक तार एकदम धरली, कीं आंकडा ताळ्यावर येतो. सोडली, कीं पुन्हां बिघडतो. देहच वाट होतो! (हा प्रयोग केवळ बॅटरीवरील मंडलावर करावा.) उपाय स्वस्त आहे: एका तारेपासून त्याच सामायिक पातळीपर्यंत १० किलोओहम ते १ मेगओहम एवढा रोध जोडावा.

दुरुस्तीनंतरची पारख उकळत्या पाण्यांत करतात, आणि तेथेंच घोटाळा होतो. शिरूर-दौंड हीं गांवें समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांहून थोडीं अधिक उंच आहेत. तेथें पाणी १०० नव्हे, सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. आंकडा १०० दिसावा म्हणून स्क्रू पिळला, तर पाक दोन अंश आधींच उतरविला जाईल. आंकडा ७० च्या आसपास दिसला, तर मात्र रोग निराळा: वर्धकाजवळील थंड टोकाचें उष्णतामान बेरजेंत धरलेलें नाहीं. त्या दिवशीं हवा २८ अंशांवर असेल, तर हिशेब तेथेंच जुळतो.