परसबागेतलं बियाणं – ७ : गराचा टोमॅटो

घेवड्याचं बी धरणं सोपं होतं : शेंग वेलीवर वाळली की काम झालं. टोमॅटोचं बी ओल्या गरात असतं, म्हणून त्याला एक पायरी जास्त लागते. आज पाहू सॉस-प्युरीचा टोमॅटो.

हा आडवा कापला की बहुधा दोन-तीनच कप्पे दिसतात. बी मोजकं, पाणी कमी, भिंती जाड. त्यामुळे आटवायला गॅस कमी जळतो. इटलीत नेपल्सजवळचा सान मार्झानो हा यातला सर्वांत नावाजलेला वाण. त्याचं रक्त असलेला रोमा अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५०च्या दशकात तयार केला. आपल्याकडे पंजाब कृषी विद्यापीठाचा पंजाब छुहारा याच वळणाचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग्यश्रीही प्रक्रियेसाठी चांगला. रोमा बसका राहतो, कुंडीत मावतो. सान मार्झानो मात्र वाढतच जातो. त्याला उंच काठी द्यावी लागते आणि बगलफूट काढत राहावं लागतं.

बाजारातल्या लांबट टोमॅटोचं बी लावलं तर? उगवेल, पण तो बहुधा संकरित असतो आणि पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एका झाडाला लांबट फळं, दुसऱ्याला गोल. बी धरायचं असेल तर सुरुवात सरळ वाणापासूनच करा.

रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकावीत. पारा पस्तिशीला टेकला की फुलं गळतात, म्हणून फळं त्याआधी हाती यायला हवीत. लांबट वाणांना फळाचं बूड काळं पडण्याचा त्रास जास्त होतो. हा रोग नव्हे. पाणी कधी तुडुंब, कधी कोरडं झालं की मातीत असलेलं कॅल्शियमही फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. कुंडीत अंड्याची टरफलं टाकण्यापेक्षा पाण्याची वेळ पाळा आणि बुडाशी पालापाचोळा पसरा.

बी धरताना फळ नव्हे, झाड निवडायचं. मरतुकड्या झाडावर एखादं फळ देखणं निघालं, तरी त्याच्या बियांत गुण त्या झाडाचेच येणार. पानं न मुरडलेली, वाणाशी इमान राखणारी, शेवटपर्यंत तग धरलेली दोन-तीन झाडं हेरा आणि त्यांना रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातलं कुणी ती फळं कोशिंबिरीला तोडणार नाही. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतं. तरी दुसरा वाण शेजारी असेल तर फुलोऱ्यावर मलमलीची पिशवी बांधा, रोज बोटाने टिचकी मारा आणि फळ धरलं की पिशवी काढून त्या घोसाला दोरा बांधा.

फळ झाडावर पूर्ण लाल, किंचित मऊ होऊ द्या. मग चिरून अंगठ्याने बी आणि बुळबुळीत रस काचेच्या पेल्यात काढा. उरलेला गर थेट कढईत. पेल्यात घोटभर पाणी घालून वर फडकं बांधा आणि दिवसातून दोनदा ढवळा. दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, बुडबुडे दिसतात, कधी पांढरी साय धरते. घाबरू नका, हेच हवं आहे. बीभोवतीचा बुळबुळीत थर बीला फळातच रुजू देत नाही. आंबवण्यात तो विरघळतो आणि बीवरच्या काही रोगांचे जंतूही कमी होतात. आपल्या उकाड्यात एक-दोन दिवस पुरतात, थंडीत तीन. त्याहून जास्त ठेवलं तर बी पेल्यातच कोंब काढतं.

आता पेला पाण्याने भरा. भरीव बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं. वरचं ओतून द्या, असं तीन-चारदा करा, मग गाळणीत धुऊन घ्या. कागदावर वाळवू नका, बी चिकटतं. चिनी मातीच्या बशीत, सावलीत, मधूनमधून बोटाने मोकळं करत वाळवा. खडखडीत झालं की वाणाचं नाव आणि साल लिहिलेल्या पाकिटात घालून हवाबंद बरणीत ठेवा. कोरडं, थंड राहिलं तर चार-पाच वर्षं उगवतं. एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया असतात, म्हणजे चिमूटभर बीत शेजाऱ्यांचीही सोय होते.

पुढच्या आठवड्यात मिरची. शेजारच्या कुंडीतली लवंगी भोपळी मिरचीच्या बियांत कशी शिरते आणि तिला कसं रोखायचं, ते पाहू.