जमिनीतला ऐवज आणि त्याची जागा

श्रोतेहो, नांगराला जुनी मूर्ती लागली की आपण विचारतो, “किंमत काय येईल?” जाणकार मात्र विचारतो, “कुठं सापडली? सोबत काय होतं?” असं का, ते पाहू.

चीनमध्ये शियानयांग शहराजवळच्या एका प्राचीन थडग्यात बुद्धाच्या दोन छोट्या धातुमूर्ती मिळाल्या. २०२१ साली ही बातमी जाहीर झाली. त्याच घराण्याच्या थडग्यांत एक मडके निघाले. त्यावर लिहिलेले वर्ष इसवी सन १५८ शी जुळते. मूर्ती नंतरच्या आहेत, असे काही पंडित म्हणतात; पण निवाडा करायला निदान ते मडके साक्षीला आहे.

आता आपल्या ठाणे-पालघरकडचे सोपारे घ्या. तिथल्या एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणले, तर आत बौद्ध स्तूप! मधोमध दगडी पेटी; तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत चांदीचा, असे करीत शेवटी सोन्याचा. सोन्याची नाजूक फुले होती, भोवती काशाच्या आठ बौद्ध मूर्ती होत्या आणि एक चांदीचे नाणेही होते. नाणे सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे, म्हणजे दुसऱ्या शतकातले. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे कित्येक पिढ्यांनंतर भाविकांनी स्तूप पुन्हा उघडून त्या आत ठेवल्या असणार. कुणी सोने तेवढे काढून विकले असते, तर हे कुणाला कळले असते?

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला धातूचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाला. वजन साठ किलोंहून अधिक! हा ऐवज बौद्ध धर्माच्याही आधीचा, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, असे बरेच अभ्यासक मानतात. काहींना ते पटत नाही. शेतकऱ्याचा यात दोष नाही. पण कोणत्या थरात, कशाशेजारी तो होता, याची नोंद उत्खननात होते तशी झाली नाही. म्हणून वाद मिटत नाही.

तेव्हा मंडळी, असे काही दिसले तर खोदणे थांबवा. वस्तू घासूनपुसून लख्ख करू नका. जागेवर खूण करा आणि तलाठी किंवा तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या कायद्याने, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास तसे कळवणे बंधनकारकच आहे. गुरुजींनी मुलांना एवढे जरूर सांगावे: वस्तू हलली की तिची अर्धी गोष्ट मातीतच राहते.