जिना चढताना पेसमेकरला कळते का?

घरातल्या बुजुर्गांना पेसमेकर बसवला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "आता मशीन लागली, फिकीर नाही," हे पहिले. "आता मशीन लागली, जास्त हलू नका," हे दुसरे. दोन्ही प्रेमापोटीच बोलली जातात, पण दोन्ही अर्धीमुर्धी खरी आहेत. मशीन लागली तरी ती त्या माणसाच्या रोजच्या जगण्याशी जुळवून घ्यावी लागते. अशी जुळवाजुळव होते, हेच पुष्कळ घरांना माहीत नसते. आम्ही रोडपालीत राहतो. आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत पेसमेकर आहेत. त्या घरांत ऊठबस करताना जे कळले आणि त्या निमित्ताने जे वाचले, ते या लेखात मांडत आहोत.

निरोगी हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते, पण ते घड्याळासारखे एकसारखे नसतात. झोपेत ते मिनिटाला ५०-५५ वर येतात. फजरला उठून वजू करेपर्यंत थोडे वाढतात. बाजाराची पिशवी घेऊन जिना चढताना शंभराच्या पुढे जातात आणि वर जाऊन पाणी पिऊन बसले की हळूहळू उतरतात. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातला पेशींचा एक लहानसा पुंजका, साइनस नोड, हा हिशेब ठेवतो. शरीराला प्राणवायू किती हवा आहे त्यानुसार तो वेग वाढवतो आणि घटवतो. हा पुंजका थकला किंवा त्याचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचेनासा झाला, की चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. अशा वेळी पेसमेकर बसवतात. वीस-तीस ग्रॅम वजनाची डबी गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, त्वचेखाली ठेवतात. तिच्यापासून एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयात सोडतात. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षे चालते.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना लावला गेला. सर्जन होते ओके सेनिंग आणि यंत्र बनवले होते इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट यांनी. ते यंत्र काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. लार्सन यांना आयुष्यात अशी २६ यंत्रे लागली. तरीही ते सर्जन आणि इंजिनिअर या दोघांपेक्षा जास्त जगले आणि २००१ साली ८६ व्या वर्षी वारले. सुरुवातीची यंत्रे एकाच ठरलेल्या गतीने ठोके देत. माणूस झोपलेला असो की धावत असो, यंत्राला त्याचे काही नव्हते. माणूस काय करतो आहे याचा अंदाज घेऊन वेग बदलणारी यंत्रे १९८० च्या दशकात आली.

आपल्या घरातले यंत्र असे आहे का, हे त्याच्या कार्डावरून कळते. डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या कार्डावर व्हीव्हीआय, व्हीव्हीआयआर, डीडीडीआर अशी इंग्रजी अक्षरे असतात. पहिली तीन अक्षरे हृदयाच्या कोणत्या कप्प्यात ठोका दिला जातो, कोणत्या कप्प्याचे ठोके ऐकले जातात आणि ऐकल्यावर यंत्र काय करते, हे सांगतात. चौथे अक्षर 'आर' असेल तर वेग बदलण्याची सोय आहे असे समजावे. मात्र सोय असणे वेगळे आणि ती चालू असणे वेगळे. पुष्कळदा ती सुरुवातीला बंद असते. आधी जखम भरू द्यावी, तारा स्थिर होऊ द्याव्यात आणि मग पाहावे, असा त्यामागे विचार असतो.

प्रत्येकाला 'आर'ची गरज असतेच असेही नाही. साइनस नोड ठणठणीत आहे आणि फक्त खाली जाणारा रस्ता अडला आहे, अशा रुग्णात दोन तारांचे यंत्र वरच्या कप्प्याचे ऐकून खालच्याला ठोका देते. जिना चढताना वरचा कप्पा स्वतःच वेग वाढवतो, यंत्र फक्त निरोप पोचवते. पण साइनस नोडच सुस्त झाला असेल, किंवा वरचे कप्पे कायमचे थरथरत असतील (डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात) आणि खाली एकच तार असेल, तर यंत्राला बाहेरून अंदाज घ्यावा लागतो. त्या अंदाजासाठी सेन्सर असतो. खरी तुलना इथूनच सुरू होते, कारण सगळे सेन्सर एकाच गोष्टीकडे पाहत नाहीत.

सगळ्यांत जास्त आढळतो तो हालचालीचा सेन्सर. मोबाईल आडवा केला की पडद्यावरचे चित्र फिरते, त्याच जातीची ही करामत. शरीर हलले की डबीतला सेन्सर ते टिपतो आणि ठोके वाढवतो. चालायला सुरुवात केली की काही सेकंदांत प्रतिसाद मिळतो, हा याचा मोठा गुण. दोष असा की याला हालचाल कळते, मेहनत कळत नाही. कळंबोली सर्कलच्या खड्ड्यांतून रिक्षा उडत निघाली की आत निवांत बसलेल्या माणसाचे ठोके हा विनाकारण वाढवू शकतो. उलट कणकेचा मोठा गोळा मळताना, भरलेली बादली उचलून धरताना किंवा सायकल चालवताना छाती फारशी हलत नाही. त्यामुळे घाम फुटला तरी याला पत्ता नसतो. जिन्याची तर गंमतच आहे. चढताना दम जास्त लागतो, पण पावले सावकाश पडतात. उतरताना शरीराला धक्के जास्त बसतात. म्हणून काही यंत्रे चढण्यापेक्षा उतरताना जास्त ठोके देतात. जुन्या स्फटिकवाल्या सेन्सरवर नुसता दाब पडला, म्हणजे माणूस डबीवर पालथा झोपला, तरी ठोके वाढत. पुढच्या पिढीच्या सेन्सरमध्ये हे बरेच सुधारले आहे. ताप आला किंवा वाईट बातमीचा फोन आला, तर मात्र हालचालीच्या सेन्सरला काहीच समजत नाही.

दुसरा सेन्सर श्वास मोजतो. तारेतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून छातीचा विरोध श्वासागणिक किती बदलतो ते पाहतो आणि त्यावरून मिनिटाला किती हवा आत-बाहेर झाली याचा अंदाज बांधतो. याला मेहनत कळते. कणीक मळतानाही कळते आणि जिना चढतानाही. पण सुरुवात जरा संथ असते, पहिला मजला संपताना हा जागा होतो. खोकला, जोराने हात हलवणे, सलग मोठ्याने बोलणे यांनी याची मोजणी चुकू शकते. फुफ्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांत तो जपून वापरतात. म्हणून काही यंत्रांत हालचाल आणि श्वास असे दोन्ही सेन्सर एकत्र असतात. एक लवकर जागा होतो आणि दुसरा त्याची खातरजमा करतो.

तिसरी पद्धत जर्मनीच्या बायोट्रॉनिक कंपनीची, क्लोज्ड लूप स्टिम्युलेशन. हृदयाच्या खालच्या कप्प्यात तारेच्या टोकाभोवती विद्युतविरोध प्रत्येक ठोक्याला कसा बदलतो, ते हे यंत्र पाहते आणि स्नायू किती जोमाने आकुंचन पावतो आहे हे ओळखते. मेंदू हृदयाला जो हुकूम पाठवतो, त्याचा सुगावा त्यातून लागतो. त्यामुळे मनावरचा ताणही याला कळतो. ऐकायला हे सर्वांत सुंदर वाटते. पण आमचे मत असे की सेन्सरच्या नावावर भाळून कर्ज काढू नये. ज्यांना पेसमेकर घ्यायचाच आहे त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावे, "यांना सेन्सरची गरज आहे का, आणि यांच्या दिनक्रमाला कोणता पुरेसा आहे?"

आमच्या नात्यातल्या एका खालांचे उदाहरण सांगतो. वय ६६, राहायला तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. साइनस नोडच्या कमजोरीमुळे पेसमेकर बसला आणि चकरा थांबल्या, अलहम्दुलिल्लाह. पण पहिल्या मजल्यावरच दम लागे. भाजी आणायला उतरणे बंद झाले, लेकीकडे जाणे बंद झाले, तरावीह घरी आणि तीही खुर्चीवर. घरचे म्हणत, वय झाले. तपासणीच्या दिवशी टेक्निशियनने छातीवर वाचक यंत्र ठेवले आणि पडद्यावर उभ्या पट्ट्यांचा आलेख आला. गेल्या काही महिन्यांतले जवळपास सगळे ठोके ६० ते ७० च्या एकाच पट्टीत होते. म्हणजे खाला बसल्या असोत की जिन्यात असोत, हृदय एकाच चालीने चालले होते. सेन्सर चालू केला गेला आणि त्यांना रुग्णालयाच्याच व्हरांड्यात पाच मिनिटे चालवून पाहिले. महिनाभराने खाला तक्रार घेऊन परत गेल्या. जिना बरा जातो, पण रिक्षात छाती धडधडते. तेव्हा सेन्सर किती हलक्या हालचालीवर जागा व्हावा ती पातळी वरच्या टप्प्यावर नेली. आता मध्ये एकदा थांबून त्या वर येतात. जुम्म्याच्या दिवशी स्वतः मटण आणतात आणि कसाई कसा लुबाडतो ते सांगतात.

यात बदलले ते चार-पाच आकडे. सर्वांत कमी वेग किती, बहुधा ६०. सेन्सरने जास्तीत जास्त किती वर न्यावे, अनेकदा १२० किंवा १३०. किती हालचालीला जागे व्हावे. जागे झाल्यावर किती चटकन वाढवावे आणि थांबल्यावर किती सावकाश उतरावे. काही यंत्रांत घरातल्या साध्या कामांसाठी ९५ च्या आसपासचा एक मधला टप्पा वेगळा ठरवता येतो, काहींत रात्रीसाठी कमी वेग ठेवता येतो. या कशासाठीही चिरफाड लागत नाही, सारे बाहेरूनच होते.

जास्त ठोके म्हणजे जास्त ताकद, असा हिशेब मात्र करू नये. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत त्यांना वेग वाढताच छातीत दुखू शकते. 'ॲडेप्ट' नावाची एक मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात दोन तारांचे यंत्र असलेल्या ८७२ रुग्णांपैकी काहींचा सेन्सर चालू आणि काहींचा बंद ठेवला होता. चालू असलेल्यांचे ठोके श्रमाच्या वेळी जास्त वाढले, पण सरासरीने पाहता व्यायामाची क्षमता आणि रोजचे जीवनमान यांत ठळक फरक दिसला नाही. सरासरीत खालांसारखी एखादी बाई झाकली जाते हे खरे, पण सगळ्यांचा सेन्सर सरसकट चालू करा असे म्हणायलाही या चाचणीने आधार ठेवलेला नाही. म्हणूनच डॉक्टर प्रत्येकाला वेगळे विचारतात, आणि आपले उत्तर फक्त "बरं आहे" एवढेच असते.

तपासणीला जाण्याआधी आठ दिवस एका कागदावर टिपण ठेवावे. कितव्या पायरीवर दम लागला, कोणत्या कामात, किती वेळाने उतरला. बसल्या बसल्या धडधड झाली का, प्रवासात झाली का, डाव्या कुशीवर झोपल्यावर झाली का. नमाजीचेही सांगावे. रुकू-सजद्याची हालचाल संथ असते, तिच्याने सेन्सर फारसा जागा होईलच असे नाही. सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तो पेसमेकरचा दोष असेल किंवा रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम असेल, हे डॉक्टरच पाहून सांगतील. रोजे ठेवायचे असतील तर यंत्राची अडचण नाही. प्रश्न गोळ्यांच्या वेळांचा आणि पाणी कमी पडण्याचा असतो, तो रमजानच्या आधीच विचारून घ्यावा. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी तर नक्की विचारावे, कारण सफा-मरवाच्या सात फेऱ्याच तीन किलोमीटरच्या आसपास होतात, तवाफ वेगळा. वरचा वेग किती ठेवावा हे त्या चालण्याचा विचार करून ठरवता येते. विमानतळासाठी कार्ड जवळ असावे. तपासणीच्या दारातून न थांबता पुढे जावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि तळोजा एमआयडीसीत आपल्यातले कितीतरी लोक काम करतात. वेल्डिंगचे यंत्र आणि त्याच्या केबल यांपासून डबी किमान दोन फूट दूर राहावी. जास्त अँपिअरचे वेल्डिंग आणि भंगार उचलणारे विजेचे मोठे चुंबक टाळावेच. मोबाईल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नये आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावावा.

खर्चाचा प्रश्न सर्वांत मोठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कायमस्वरूपी पेसमेकरचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन, दाखल होण्यापूर्वीच चौकशी करावी आणि मिळणारे यंत्र एका तारेचे की दोन, 'आर'सह की त्याविना, हेही त्याच खिडकीवर विचारावे. वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतील मृत व्यक्तींचे पेसमेकर, त्यांच्या नातेवाइकांच्या संमतीने काढून निर्जंतुक करून, ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले होते. २०११ साली त्यांचा अहवाल 'अमेरिकन जर्नल ऑफ कार्डिऑलॉजी'मध्ये आला आणि कुणालाही मोठी गुंतागुंत झाली नव्हती. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे दहनापूर्वी पेसमेकर काढावाच लागतो, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होतो. आपल्याकडे दफन असल्याने तशी गरज पडत नाही आणि चालू स्थितीतले यंत्र मातीत जाते. मय्यतीच्या शरीरातून ते काढून गरजूला द्यावे का, हा प्रश्न आमच्या शाळेत एका नववीच्या मुलाने विचारला होता. तो आम्ही आमच्या मस्जिदीच्या मौलानांपुढे ठेवला आहे, त्यांनी अभ्यास करून सांगतो म्हटले आहे.