विजापूरच्या नगारखान्यातली आदिलशाही

विजापूरच्या गोलघुमटासमोर दक्षिणेला नगारखान्याची भव्य इमारत आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वस्तुसंग्रहालय आज याच इमारतीत आहे. आदिलशाही राजधानीत वापरल्या गेलेल्या वस्तू त्याच राजधानीच्या एका वास्तूत पाहायला मिळतात, हे या संग्रहालयाचे खरे मोल.

नगारखाना हा मुहम्मद आदिलशाहाच्या समाधीच्या, म्हणजेच गोलघुमटाच्या, आवाराचा भाग आहे. या सुलतानाची कारकीर्द १६२७ ते १६५६ अशी होती. १६३६ नंतर शहाजीराजे याच दरबारच्या सेवेत होते. समाधीवरील घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी घुमटाचा भार खालच्या भिंतींवर उतरवतात आणि आत एकही खांब लागत नाही. नगारखान्याचे मिनार मात्र नियोजित उंचीपर्यंत कधी गेलेच नाहीत.

आदिलशाही १६८६ मध्ये औरंगजेबाने संपवली. पुढे हे शहर सातारकर छत्रपतींच्या राज्यातून इंग्रजांकडे गेले आणि १८८५ च्या सुमारास कलादगीऐवजी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. तेव्हा जुन्या महालांत सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. मशिदीही त्यातून सुटल्या नाहीत. एका मशिदीत टपाल कचेरी होती, दुसरीत डाकबंगला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी लक्ष घातल्यावर मशिदींतली टपाल कचेरी आणि डाकबंगला हलवण्यात आले. संग्रहालयाची स्थापना या घडामोडींच्या काळातलीच, १८९२ ची. शहराच्या वास्तूंचा सविस्तर अभ्यास हेन्री कझिन्स यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

संग्रहातील गालिच्यांचा संबंध असर महालाशी आहे. १६४६ च्या सुमारास बांधलेला हा महाल आधी न्यायदानासाठी होता, म्हणून त्याचे नाव दाद महाल. पुढे पैगंबरांच्या दाढीचे केस तिथे जतन करण्यात आले आणि तो असर महाल झाला. त्याची पूर्वेकडची बाजू पूर्ण उघडी आहे. छत सागवानी खांबांवर पेलले आहे, समोर पाण्याचा हौद आहे आणि आतल्या दालनांत भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. इथले सतराव्या शतकातले गालिचे संग्रहालयात आले. त्यांचा रंग विटला असला आणि कडा झिजल्या असल्या, तरी फुलापानांची वीण अजून स्पष्ट ओळखू येते.

याच महालात राजग्रंथालयातील उरलेली हस्तलिखिते होती. चारशेहून अधिक ग्रंथ १८५३ मध्ये लंडनला गेले आणि आता ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत. विजापूरच्या विद्याव्यासंगाचा मोठा पुरावा असा सातासमुद्रापार गेला. त्यामुळे नगारखान्यात उरलेली हस्तलिखिते, लघुचित्रे, बिदरी काम, चिनी मातीची भांडी आणि शस्त्रे यांचे महत्त्व अधिकच वाढते.

दगडी संग्रहही तितकाच बोलका आहे. आदिलशाहीपूर्वीच्या हिंदू आणि जैन मूर्ती, संस्कृत आणि कन्नड लेख, अरबी आणि फारसी लेख हे सारे इथे एकाच छपराखाली आहेत. संस्कृत-कन्नड लेखांची अक्षरे दगडात कोरलेली असतात, तर अरबी-फारसी लेखांत बहुधा भोवतालचा दगड खोदून अक्षरे उठावदार ठेवलेली असतात. म्हणून शाईचा ठसा घेतला की पहिल्यांत काळ्यावर पांढरी अक्षरे उमटतात आणि दुसऱ्यांत पांढऱ्यावर काळी. अरबी-फारसी लेखांचे वाचन करणारी पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा नागपुरात आहे.

अशा लेखांत साल पुष्कळदा अक्षरांतच दडवलेले असते. 'अबजद' पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरावीक मूल्य असते. मुहम्मद हे नाव घेतले तर मीम ४०, हे ८, मीम ४० आणि दाल ४ मिळून ९२ होतात. गोलघुमटाच्या दक्षिण दरवाजावर तीन वाक्ये आहेत. प्रत्येकाची बेरीज १०६७ येते. ते सुलतानाच्या मृत्यूचे हिजरी वर्ष, म्हणजे इ.स. १६५६.

तुलनेसाठी जुन्या वास्तूतलेच एक परदेशी संग्रहालय पाहू. सिसिलीतील पालेर्मो शहरात झीझा नावाचा महाल आहे. ११६५ च्या सुमारास नॉर्मन राजाने तो अरबी धाटणीत बांधायला घेतला आणि आज तिथे इस्लामी कलेचे संग्रहालय आहे. तिथला ११४९ चा चौभाषिक स्मृतिलेख जगप्रसिद्ध आहे. पण त्या संग्रहातल्या पुष्कळ वस्तू भूमध्य समुद्राभोवतीच्या इतर देशांतून आलेल्या आहेत. विजापूरचे तसे नाही. इथला गालिचा ज्या महालात अंथरला जाई, तो महाल आजही याच शहरात उभा आहे.

मराठी माणसाला आदिलशाही बहुतांशी लढायांतून ठाऊक असते. पण याच दरबारात महसुलाचे हिशेब देशी भाषेत, मुख्यत्वे मराठीत, ठेवले जात, आणि दुसरा इब्राहीम आदिलशाह संगीतावर ग्रंथ रचत होता. त्या राज्याचा दैनंदिन व्यवहार आणि रसिकता समजून घ्यायची असेल, तर गोलघुमटातला प्रतिध्वनी ऐकून परत फिरू नये. नगारखान्यासाठी तासभर राखून ठेवावा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते.