गारगाईचें धरण व रानांतील जनावरें

उंबरमाळी-खर्डीकडून आमच्या वर्गांत येणारीं मुलें कधीं कधीं विचारतात, “गुरुजी, धरण झालें म्हणजे रानांतल्या जनावरांस बारमास पाणी मिळेल, मग त्यांचें नुकसान तें कसलें?” शंका रास्त आहे.

वाडा तालुक्यांतील ओगदा या गांवाजवळ गारगाई नदीवर धरण बांधून मुंबईस दररोज सुमारें ४४ कोटी लिटर पाणी न्यावें, अशी तेथील महानगरपालिकेची योजना आहे. लक्षावधि झाडें तुटतील म्हणून २०२० सालीं ती बाजूस ठेविली गेली. पुढें पुन्हां हातीं घेण्यांत आली. बुडावयाच्या जमिनीचा बराच भाग १९७० सालीं राखलेल्या तानसा अभयारण्यांत मोडतो. हें अभयारण्य आपल्या शहापूर तालुक्यांतही पसरलें आहे, तेव्हां ही गोष्ट परक्या मुलखांतली नव्हे.

उन्हाळ्यांत डोंगरउतारावरील साग पानें टाकून उघडा पडतो. त्या दिवसांत नदीकांठीं जांभूळ, उंबर, करंज यांची जी हिरवी पट्टी उरते, तेथेंच भेंकर, रानडुक्कर, साळिंदर दिवस काढतात आणि त्यांच्या मागें बिबट्याही येतो. धरणाचें पाणी प्रथम गिळतें ती नेमकी हीच पट्टी. नवा कांठ सागाच्या उतारावर जाऊन ठेपतो. पुढें शहरासाठीं रोज पाणी उपसलें गेल्यानें पावसाळा सरल्यावर तोही मागें हटतो, आणि रान व पाणी यांमध्यें उघड्या चिखलाचा रुंद पट्टा पडतो. भेंकरासारखें भित्रें जनावर तो ओलांडण्यास सहसा धजत नाहीं. पाणी समोर दिसतें, पण आडोसा नाहीं.

ठाकूर, कातकरी, वारली या लोकांस पूर्वीं सशाची, घोरपडीची शिकार ही पोटाची बाब होती. १९७२ च्या कायद्यानें ती बंद झाली. तरी चोरून फासे लागतातच. रान आक्रसलें कीं जनावरांच्या वाटा थोड्या उरतात, व फासे लावणाराचें काम सोपें होतें.

रानपिंगळ्याची अडचण निराळी. १८८४ नंतर शंभरांवर वर्षें न दिसलेलें हें लहानसें घुबड १९९७ सालीं खानदेशांत पुन्हां सांपडलें, व २०१४ सालीं तानसाच्या रानांतही आढळलें. तें जुन्या झाडांच्या ढोलींत अंडीं घालतें. तोडलेल्या झाडांबद्दल दुसरीकडे रोपें लावतां येतील. त्यांस ढोली पडावयास मात्र कित्येक दशकें जावीं लागतील.

तलाव म्हणजे रानाचा वैरीच, असें मी म्हणणार नाहीं. १८९२ सालीं झालेल्या तानसा तलावाभोंवतींचें रान पाण्यासाठींच राखलें गेलें, व आज तें अभयारण्याचा भाग आहे. पण आतां त्या राखलेल्या रानांतच पाणी चढावयाचें आहे.

राहतां राहिली वलगण. पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यास ओढ्यांतून वर चढतात; तुमच्यापैकीं पुष्कळांनीं तेव्हां गुडघाभर पाण्यांत उभे राहून ते धरले असतील. भिंत उभी राहिली म्हणजे खालचे मासे वरच्या ओढ्यांस पोहोंचत नाहींत. वरच्या पाड्यांवर मृगाच्या पहिल्या सरीलाच तें कळून येईल.