सभेचे रेकॉर्डिंग जाते कुठे?



2021 साली कोरोनामुळे आपली वार्षिक सभा ऑनलाइन घ्यावी लागली, हे आपल्या लक्षात असेलच. सभेच्या अगदी सुरुवातीला एका सभासदांनी वजनकाट्याच्या तपासणीबद्दल प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तरही मिळाले. पुढे दीड महिन्याने ते कार्यालयात आले आणि म्हणाले, "त्या दिवशी काय शब्द दिला होता, तो जरा रेकॉर्डिंग लावून ऐकवा." आम्ही लावले. तर रेकॉर्डिंग अहवालवाचनापासून सुरू! पहिली वीस मिनिटे गायब. इतिवृत्तात पाहावे तर "चर्चा झाली" एवढेच. त्यांना वाटले, मुद्दाम कापले. कापलेले नव्हते, पण चूक आमचीच होती. ती कशी झाली हे सभासदांना कळावे, म्हणून हा लेख. गटवार बैठका आणि ऊसविकासाची शिबिरे आजही आपण ऑनलाइन घेतो, तेव्हा प्रश्न जुना झालेला नाही.

आपण सभेसाठी बिगब्लूबटन नावाची प्रणाली वापरतो. कॅनडातील ओटावा शहरातल्या कार्लटन विद्यापीठात 2007 साली तिची सुरुवात झाली. मूळ उपयोग दूरच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याचा. ती मुक्त असल्याने कोणीही आपल्या सर्व्हरवर बसवू शकतो, परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हर मात्र आपला, आणि म्हणून त्याची राखणही आपलीच.

पुष्कळांची समजूत अशी की बटण दाबले की टेपरेकॉर्डरसारखी एक फीत फिरू लागते. तसे नाही. सभा चालू असताना सर्व्हर आवाज वेगळा टिपतो, प्रत्येकाच्या कॅमेऱ्याचे चित्र वेगळे टिपतो, पडद्यावरची पाने वेगळी ठेवतो. कोण कधी आले, कोण बोलले, कोणते पान केव्हा उलटले, गप्पांच्या चौकटीत कोणी काय लिहिले, याची वेळेसह यादी होते ती निराळीच. सभा संपली की हा सगळा माल एका जागी जमा होतो. त्याला कच्चा माल म्हणू. आपल्या भाषेत गव्हाणीवर पडलेला ऊस. मग तो पुरता आला की नाही याची तपासणी होते, नंतर प्रक्रिया, आणि शेवटी आपल्याला पाहता येईल असे पान तयार होऊन त्याची लिंक मिळते. ही झाली पोत्यात भरलेली साखर. प्रक्रियेचे काम सर्व्हरला जड जाते. तीन तासांची सभा संपल्यावर चहा पिऊन होईतो लिंक मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. त्यातून दुसरी बैठक चालू असेल तर हे काम रात्रीवर टाकणेच बरे, नाहीतर बोलणाऱ्यांचा आवाज तुटू लागतो.

आता बटणाची गोष्ट. रेकॉर्डिंगचे बटण म्हणजे खरे तर खूण आहे. सर्व्हर खुणेपासून खुणेपर्यंतचाच भाग तयार करून देतो. आमचे बटण दाबले गेले अहवालवाचनाच्या वेळी, म्हणून आधीचा प्रश्न तयार रेकॉर्डिंगमध्ये आलाच नाही. पण त्या वेळच्या आवृत्तीत, सभा सुरू करतानाच रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली असेल, तर खुणेबाहेरचा भागही कच्च्या मालात राहत असे. म्हणजे ती वीस मिनिटे सर्व्हरवर होती! जाणकाराने खुणा दुरुस्त करून प्रक्रिया पुन्हा चालविली असती, तर ती निघाली असती.

मग गेली कुठे? डिस्क भरत आली होती. आवाजाला जागा फार लागत नाही. सेकंदाला 40 किलोबिट धरले तर तासाला 18 एमबी. कॅमेरा सेकंदाला 200 किलोबिट धरला तर एकाचेच तासाला 90 एमबी होतात. वीस जणांनी तीन तास कॅमेरे चालू ठेवले की 5,400 एमबी झाले. आम्ही विचार केला, साखर निघाली आहे, आता चिपाड कशाला सांभाळायचे? आणि कच्चा माल पुसून टाकला. ते चिपाड नव्हते, न गाळलेला ऊस होता, हे दीड महिन्याने कळले.

अलीकडच्या आवृत्त्यांत हा आधारही राहिलेला नाही. मूळ सेटिंग न बदलता चालविल्यास बटण चालू असेल तेवढ्याच वेळेचा आवाज आणि चित्र टिपले जाते. खासगी बोलणे साठत नाही हे चांगलेच. पण बटण उशिरा दाबले तर तेवढा भाग कायमचा गेला. आणि ज्या सभेत बटण दाबलेच नाही, तिचे उरलेसुरले साहित्य रोजच्या साफसफाईत, मूळ सेटिंगप्रमाणे 14 दिवसांनी, आपोआप पुसले जाते. ही मुदत वाढविता येते, पण आधी, पुसल्यावर नाही.

आणखी एक बाब. रेकॉर्डिंग झाकून ठेवणे आणि पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकले तर लिंक चालत नाही, पण माल राहतो आणि पुन्हा उघडता येतो. उघडे ठेवले, आणि सर्व्हरवर वेगळे कुलूप नसले, तर लिंक ज्याच्या हाती पडेल तो पाहू शकतो. सभेत कुणाच्या थकबाकीचा, कुणाच्या घरच्या वाटणीचा विषय निघतो. ती लिंक गावभर मोबाइलवर फिरावी हे बरे नव्हे. काही सभासद म्हणतात, सगळे उघडेच ठेवा, लपवायचे काय? कारभार उघडा असावा, हे आम्हाला मान्य. शेजाऱ्याचे कर्ज उघडे असावे, हे मात्र मान्य नाही.

आता आम्ही अशी व्यवस्था केली आहे. गणसंख्या मोजण्याआधीच बटण दाबायचे आणि ते चालू असल्याचे माइकवर सांगायचे. कच्चा माल पुढील सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत पुसायचा नाही. त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कार्यालयाच्या कपाटात ठेवायची, आणि कोणी, केव्हा, काय पुसले याची वहीत नोंद करायची. त्या सभासदांचा प्रश्न आम्ही त्यांच्याकडून पुन्हा लेखी घेतला असून उत्तरही लेखी दिले आहे.

ज्यांना आपले बोलणे पुन्हा ऐकायचे असेल, त्यांनी सभासद क्रमांकासह कार्यालयात साधा अर्ज द्यावा. अर्जात सभेची तारीख आणि अंदाजे वेळ लिहावी. "जेवणाच्या आधी" एवढे लिहिले तरी चालेल. पुढचे आम्ही शोधू.